बागकामाचा छोटा धंदा: दर कसा लावायचा, गिऱ्हाईक कुठून आणायचं?

हिरवळवाला

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज गरज पडली म्हणून लिहितो. पुण्यात बाणेर, सूस, बावधन या पट्ट्यात बागा करून देतो. बंगल्यांच्या बागा, टेरेस, काही सोसायट्यांची वर्षभराची देखभाल आणि मधूनच मुळशीकडचं एखादं फार्महाऊस. दोन माळी कायमचे आहेत, मोठं काम निघालं की नाक्यावरून माणसं घेतो. कामाबद्दल तक्रार येत नाही. घोडं अडतं ते पैशापाशी.

मी कोटेशन अगदी तपशीलवार देतो. रोपं किती, माती किती, मजुरी किती, सगळं वेगळं. लोक ते घेऊन नर्सरीत जाऊन येतात आणि "तगर तिथे साठ रुपयांना आहे, तुम्ही दीडशे लावलेत" असं ऐकवतात. जागा बघायला बोलावतात, मी टेप घेऊन मोजतो, रात्री बसून नकाशा काढतो आणि मग तोच नकाशा दाखवून दुसऱ्याकडून काम करून घेतात. जून-जुलैत माणसं पुरत नाहीत, फेब्रुवारी ते मे त्यांचे पगार अंगावर येतात.

दर खाली आणावेत असं बायको म्हणते, वर न्यावेत असं मित्र म्हणतो. दोघांपैकी कोणीच धंदा करत नाही. जाहिरातीचं काय करावं? पत्रकं वाटावीत, इन्स्टाग्रामवर रील टाकावेत, की आर्किटेक्ट लोकांच्या मागे लागावं? अनुभव असलेल्यांनी सांगा.

चहाबाज

आमच्या घरी मनीप्लँटसुद्धा आत्महत्या करतो. दर काहीही लावा, दर सहा महिन्यांनी नवीन बाग लागेल. माझ्यासारखी पन्नास गिऱ्हाइकं शोधा, धंदा संपला.

खुरपं

मी उरुळी कांचनच्या बाजूला नर्सरी चालवतो, म्हणजे तुमच्या गोष्टीतला खलनायक मीच.

भाऊ, साठची तगर आणि दीडशेची तगर ही एकच वस्तू नाही हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, गिऱ्हाइकाला कसं कळणार? कोटेशनमध्ये नुसतं "तगर, ४० नग" लिहू नका. पिशवीचा साईज लिहा, ८ बाय १० की १२ बाय १२, उंची लिहा. माझ्याकडे तुमच्याच गिऱ्हाइकासारखे लोक मोबाईलवर नाव दाखवत येतात आणि सगळ्यात लहान पिशवीचा भाव विचारून जातात. मी तरी काय करू, विचारलं तेवढं सांगतो.

आणि रोपाचा दर वेगळा दाखवताच कशाला? लावून दिलेल्या झाडाचा दर सांगा. त्यात रोप, वाहतूक, खड्डा, शेणखत, निंबोळी पेंड, लावणी आणि तीन महिन्यांत मेलं तर बदलून देणं, सगळं आलं. माझ्या नर्सरीत यातलं एकही मिळत नाही. गेटच्या बाहेर रोप गेलं की माझी जबाबदारी संपली.

लॉनचंही तेच. चौरस फुटाच्या दरावर भांडणं होतात, पण खाली माती किती टाकली हे कोणी विचारत नाही. चार इंच थर द्यायचा तर १ ब्रास, म्हणजे १०० घनफूट माती, ३०० चौरस फुटांना पुरते. १२०० फुटांच्या लॉनला ४ ब्रास झाली. तुमच्यापेक्षा स्वस्त देणारा दोन इंचांवर काम उरकतो आणि दोन ब्रास मातीचे पैसे वाचवतो. पहिल्या पावसात लॉन दोघांचंही हिरवंच दिसतं. एप्रिलमध्ये कळतं, पण तोवर तो फोन उचलत नाही.

रानभेंडी

खुरपं यांना अनुमोदन. मी ठाण्यात टेरेस आणि बाल्कनीच्या बागा करते. कामं लहान, त्यामुळे फुकट फेऱ्या मला परवडतच नाहीत. जागा बघायला येण्याचे पैसे घेते, काम दिलं तर बिलातून वजा करते. फोनवर हे सांगितलं की साधारण निम्मे लोक "कळवतो" म्हणून गायब होतात. जाऊ देत. ते तसेही काम देणार नव्हते, फक्त माझा शनिवार खाणार होते.

नकाशा मात्र कधीच देऊ नका. दाखवा, समजावून सांगा, परत घेऊन या. हवाच असेल तर डिझाईनची फी वेगळी.

कट्टेकरी

ठाण्यात चालत असेल ताई. पुण्यात बघायचे पैसे मागितलेत तर "आमच्या मालकीच्या जागेत तुम्ही पाय ठेवणार, त्याचे किती देता?" असं विचारतील.

टेकडीवरून

मी असहमत आहे. नवीन माणसाने फी मागणं म्हणजे दार उघडायच्या आधीच कडी लावणं. फोनवरच चार प्रश्न विचारा: जागा किती फूट, पाणी कुठलं, ऊन किती वेळ, अंदाजे खर्च किती मनात आहे. शेवटच्या प्रश्नाला "तुम्हीच सांगा" म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे आकडा सांगून टाका, "एवढ्या जागेला अमुक ते तमुक लागतात". घाबरला तर पेट्रोल वाचलं. न घाबरला तर फुकट जा की.

रानभेंडी

टेकडीवरून, चार प्रश्न मीही विचारते. पण आकडा ऐकून न घाबरणारे काही लोक नुसते हौशी असतात. त्यांना बाग नको असते, बागेवर गप्पा हव्या असतात. चहा चांगला मिळतो, काम मिळत नाही.

ताळेबंद

छोट्या व्यावसायिकांची खाती लिहिणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे थोडं रुक्ष लिहितो.

धागाकर्त्यांनी दर कसा काढतात ते लिहिलेलं नाही, पण ठेकेदारी करणाऱ्या बहुतेकांची पद्धत ठरलेली असते. साहित्य अधिक मजुरी, त्यावर पंचवीस टक्के. समजा खर्च १,००,०००, कोटेशन १,२५,०००. आता यात नफा २५ टक्के नाही. २५ हजार हे सव्वा लाखाचे २० टक्के होतात. पुढे गिऱ्हाईक म्हणतं, "दहा टक्के कमी करा की." तुम्ही हो म्हणता, बिल १,१२,५०० होतं आणि हातात उरतात १२,५००. गिऱ्हाइकाला दहा टक्के सूट मिळाली, तुमचा नफा मात्र अर्धा गेला. त्या साडेबारा हजारांतून टेम्पो, फोन, मोडलेलं ग्रास कटर आणि तुमचा स्वतःचा पगार निघायचा आहे. तुमचा स्वतःचा पगार खर्चात धरता का? बहुतेक लोक धरत नाहीत, आणि वर्षाअखेर "धंदा तर चांगला झाला, पैसे गेले कुठे" म्हणून माझ्यासमोर बसतात.

मजुरीत अजून एक गळती असते. माळ्याचा रोज समजा ८०० रुपये, आठ तासांचा. पण गाडीतून ये-जा, साहित्य चढवणं-उतरवणं, चहा, यात दोन तास जातात. प्रत्यक्ष बागेत काम सहा तास. म्हणजे तास १०० रुपयांना नाही, १३३ ला पडतो. देखभालीच्या करारात ही गळती महिनोन् महिने चालू राहते.

जीएसटीबद्दल थोडं. सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. रोपांवर कर नाही, पण रोप, माती, मजुरी असं एकगठ्ठा काम घेतलं की नोंदणीकृत माणसाला साधारणपणे सगळ्यावर १८ टक्के लावावे लागतात. बंगलेवाल्याला तो कर कुठेही वळता करता येत नाही. म्हणजे वीस लाखांची रेषा ओलांडली की एका रात्रीत तुम्ही त्याच्यासाठी महाग होता. ५० लाखांपर्यंत कंपोझिशन योजना आहे, म्हणजे १८ ऐवजी उलाढालीवर सरसकट ६ टक्के भरायचे, पण त्यात बिलावर कर वेगळा दाखवता येत नाही. आपल्या सीएला विचारा, पण रेषा ओलांडायच्या आधी विचारा.

चहाबाज

ताळेबंद, तुमचा प्रतिसाद वाचून मी माझा नसलेला धंदा बंद केला.

कमिटीतला

मी एका मोठ्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे, स्वखुशीने नाही. आमच्या बाजूने सांगतो.

आम्हाला तीन कोटेशनं घ्यावीच लागतात. त्यांचा तक्ता करून कमिटीपुढे ठेवायचा, आणि तक्त्यात शेवटचा रकाना महिन्याच्या रकमेचा. सगळ्यांचे डोळे थेट त्या रकान्यावर. तुम्ही "बाग देखभाल, महिना अमुक" असं एका ओळीत लिहून दिलंत तर तुमचं चांगलं काम तक्त्यात कुठेच दिसत नाही. मला रकाने द्या. आठवड्यात किती दिवस, किती माणसं, किती तास. खत-औषध तुमचं की आमचं. मशीन कोणाचं, त्याचं पेट्रोल कोणाचं. हुमणी लागली तर फवारणी करारात आहे की वेगळी. मेलेलं झाड कोण बदलणार. मग स्वस्तवाल्याच्या रकान्यांत "नाही, नाही, नाही" येतं आणि मला कमिटीत बोलायला तोंड राहतं.

वेळेचंही बघा. सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. तिथे बागेवरून आरडाओरडा झाला की ऑक्टोबरात कंत्राट बदलायचं मनावर घेतलं जातं. लोक आम्हाला जूनमध्ये भेटायला येतात, तेव्हा आम्ही गळक्या गच्च्यांमध्ये अडकलेलो असतो.

पैसे उशिरा मिळतात याचं कारण दर वेळी बदमाशी नसते. चेकवर दोन सह्या लागतात आणि खजिनदार मुलाकडे बंगळुरूला गेलेले असतात.

खुरपं

खजिनदार नेहमी बंगळुरूलाच कसे असतात हो?

कमिटीतला

उरलेले अमेरिकेत असतात.

न्यूजर्सीकर

अमेरिकेतून हजर, मी खजिनदार नाही!

आमच्या शेजारचा लॉनवाला काय करतो ते सांगतो, किती लागू पडेल ते तुम्ही बघा. तो एकेका घराच्या मागे लागत नाही, गल्ली धरतो. एका घराचं गवत कापताना पुढच्या अंगणात छोटी पाटी खोचतो आणि दोन्ही बाजूंच्या घरांना चिठ्ठी टाकतो. त्याच गल्लीतलं दुसरं घर त्याला स्वस्तात परवडतं, कारण ट्रक आणि माणसं आधीच तिथे आहेत. पैसे मोसमाचे ठरवून घेतो, फेरीमागे नाही. हिवाळ्यात गवतच नसतं, तेव्हा तोच माणूस ट्रकला फाळ लावून लोकांच्या गाडीरस्त्यावरचा बर्फ काढतो.

कट्टेकरी

बाणेरमध्ये बर्फ पडला की कळवतो.

टेकडीवरून

हसू नका, मुद्दा बरोबर आहे. आपला हिवाळा म्हणजे मार्च ते मे. त्या महिन्यांत विकायला काय आहे? ठिबक बसवणं आहे, टेरेसवर शेडनेट आहे, मातीची भर, आणि पावसाळ्याआधी फांद्यांची छाटणी. फक्त छाटणीच्या नावाखाली झाड तोडायला सांगणारे भेटतात, तिथे हात लावू नका. महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्याखाली शहरातलं झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. मोठ्या छाटणीलाही आधी विचारून घेतलेलं बरं, नाहीतर गिऱ्हाईक बाजूला राहील आणि कुऱ्हाडीसकट तुम्ही सापडाल.

दुसरं, मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवावा लागतो. खड्डे बांधलेले असतात, सांभाळायला कोणी नसतं, वास सुटतो, भांडणं होतात. बागेच्या कराराबरोबर कंपोस्टचंही घ्या. खत तुमच्याच बागेत जाईल आणि काम बारमाही.

रानभेंडी

कंपोस्टला दणदणीत +१. आणि एकदा कंपोस्ट तुमच्या हातात आलं की तुम्हाला बदलणं कमिटीला जड जातं.

देवराई

धागा दरांचा आहे हे मान्य, पण राहवत नाही. हिरवळवाले, तुम्ही अजून मेक्सिकन लॉन आणि कोनोकार्पस या झपाट्याने वाढणाऱ्या परदेशी झाडाच्या भिंती विकता का? गुजरात सरकारने २०२३ मध्ये कोनोकार्पसवर बंदी घातली, आपल्याकडचे बिल्डर अजून रांगा लावतायत. त्यावर ना पाखरू ना फुलपाखरू.

खुरपं

देवराई, गिऱ्हाईक मागतं म्हणून आम्ही ठेवतो. "सहा महिन्यांत शेजारी दिसला नाही पाहिजे" अशी मागणी असते. त्याला मी करवंदाचं कुंपण सुचवलं तर तो म्हणतो शेजाऱ्याला करवंदं फुकट मिळतील.

देवराई

अडुळसा, मेंदी, कामिनी लावा. किंवा बोगनवेल, ती देशी नाही पण पाणी तरी मागत नाही. आणि लॉनचं पाणी मोजलंय कधी? उन्हाळ्यात गवताला रोज चार-पाच मिलिमीटर पाणी लागतं. १००० चौरस फूट म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर, म्हणजे दिवसाला चारशे ते साडेचारशे लिटर. दहा हजार लिटरचा टँकर तीन आठवड्यांत एकट्या लॉनने संपवला. ज्या भागात माणसांना टँकर लागतात तिथे गवताला टँकर!

कमिटीतला

आमच्याकडे एसटीपीचं, म्हणजे सोसायटीचं शुद्ध केलेलं सांडपाणी आहे, त्यावर बाग चालते. पण हा हिशोब मी कमिटीत वापरणार. निम्मं लॉन काढून तिथे झुडपं लावायचा प्रस्ताव गेल्या सभेत "मुलं कुठे खेळणार" या मुद्द्यावर पडला होता. लॉनवर मुलांना खेळू देत नाहीत ते वेगळं.

ताळेबंद

देवराईंच्या प्रतिसादात धागाकर्त्यांच्या कामाची गोष्ट आहे. "महिन्याला इतके टँकर वाचतील" हे विकता येतं. लॉनवाल्याशी चौरस फुटाच्या दरावर झुंजण्यापेक्षा ज्या बागेचा चौरस फुटाचा दर बाजारात कोणी काढतच नाही अशी बाग विका. तुलनेला दुसरा आकडाच नसेल.

मांडवा_जेट्टी

अलिबागकडून लिहितो. २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यापासून मांडव्याला रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी बोट सुरू झाली आणि मुंबईकर गाडीसकट यायला लागले. बंगले वाढले, बागा वाढल्या, आमच्याकडची माळीकामाची माणसं मात्र तेवढीच. त्यामुळे दरासाठी आम्हाला कोणी फार पिडत नाही. पिडतात ते विश्वासासाठी. मालक शनिवारी येणार, रविवारी जाणार. मधले पाच दिवस बागेत काय चाललंय हे त्याला दिसत नाही आणि केअरटेकर सांगेल ते खरं.

मी दर शुक्रवारी बागेचा छोटा व्हिडिओ पाठवतो. काय छाटलं, कुठे खोडकिडा दिसला, पंप चालू आहे का, नारळ उतरवले का. त्या व्हिडिओमुळे मला जेवढी नवीन कामं मिळाली तेवढी कुठल्याच जाहिरातीने दिली नाहीत, कारण मालक तो शेजारच्या बंगलेवाल्याला पुढे पाठवतो. मुळशीच्या फार्महाऊसवाल्यांना हे नक्की चालेल.

केअरटेकरला मात्र सांभाळून घ्या. तो तुमच्यावर रुसला की पाण्याचा कॉक आपोआप बंद राहतो.

हिरवळवाला

बापरे, दोन दिवस मुळशीला रेंजमध्ये नव्हतो, इथे एवढं झालं! सगळ्यांचे आभार.

खुरपं, पिशवीचा साईज लिहायला आजपासून सुरुवात. कमिटीतला, तुमचे रकाने जसेच्या तसे उचलतोय. ताळेबंद, स्वतःचा पगार खर्चात धरून चालू कामांचा हिशोब मांडला. बायकोला दाखवला. दर खाली आणायचा विषय घरात संपला आहे.

दोन गोष्टी अजून अडतात. जुन्या गिऱ्हाइकांचे दर कसे वाढवू? काही जण सुरुवातीपासूनचे आहेत, तोच दर चालू आहे. आणि आर्किटेक्ट लोकांबद्दल कोणी बोललंच नाही. एकाने चांगलं काम दिलं, पण दहा टक्के मागतो.

रानभेंडी

जुन्यांना वर्षाच्या मध्यात सांगू नका. करार संपायच्या दोन महिने आधी लेखी द्या आणि दोन पर्याय ठेवा: आहे तेच काम नवीन दराने, किंवा जुन्याच दरात आठवड्याची एक फेरी कमी. फेरी कमी करायला सहसा कोणी तयार होत नाही. आणि जो एकटा सगळ्यात लांब राहतो, सगळ्यात कमी देतो आणि सगळ्यात जास्त फोन करतो, त्याला सोडून द्या. प्रत्येकाकडे असा एक असतो.

टेकडीवरून

आर्किटेक्टचे दहा टक्के मला पटत नाहीत. पैसे गिऱ्हाइकाच्या खिशातून जातात आणि त्याला पत्ता नसतो.

खुरपं

तत्त्व बरोबर, पण चहावाल्यापासून टाईल्सवाल्यापर्यंत सगळे देतात.

मांडवा_जेट्टी

मी रोख टक्के देत नाही. डिझाईन त्यांनी करावं, त्याची फी त्यांनी गिऱ्हाइकाकडून उघड घ्यावी, लावणी आणि देखभाल माझी. तयार झालेले दोघेच, पण टिकून आहेत. टक्के मागणारा उद्या बारा टक्के देणाऱ्याकडे जातोच.

न्यूजर्सीकर

इन्स्टाग्रामचा प्रश्न राहिला ना?

रानभेंडी

राहिला खरा. माझ्या रीलला नागपूर, इंदूर, अगदी दुबईहून बदाम येतात, त्यांचा ठाण्यातल्या बाल्कनीला काय उपयोग? कामाला येतं ते गुगलच्या नकाशावरचं पान. तिथे फोटो टाका, काम झाल्या झाल्या गिऱ्हाइकाला रिव्ह्यू लिहायला सांगा, आणि त्यात भागाचं नाव येऊ द्या. लोक "बाग करून देणारे बावधन" असंच शोधतात. फोटो पहिल्या दिवशीचा असतोच, वर्षानंतरचाही टाका. पहिल्या दिवशी कोणाचीही बाग सुंदर दिसते.

गिऱ्हाइकांचे नंबर विकणाऱ्या कंपन्यांपासून सावध. एकीकडून मी नंबर घेतले होते. फोन केला की बाई म्हणायच्या, "तुम्ही आजच्या पाचव्या."

देवराई

पुण्यात जानेवारीत एम्प्रेस गार्डनला फुलांचं प्रदर्शन भरतं. तिकीट काढून झाडं बघायला येणारी माणसं एका जागी अजून कुठे सापडणार? पत्रकं पेपरात घालण्यापेक्षा तिथे दोन दिवस फिरा, लोक काय विचारतात ते ऐका.

ताळेबंद

उधारीबद्दल राहिलं. उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी करून घ्या, फुकट आहे, ऑनलाईन होते. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, पुढे व्याज चढतं. कोणी सोसायटीवर दावा ठोकायला जात नाही, पण बिलाखाली उद्यम क्रमांक आणि ही ओळ छापलेली असली की खजिनदार बंगळुरूहून लवकर येतात. बंगल्यांच्या कामात मात्र हप्तेच बांधा. निम्मे आधी, माती पडली की तीस टक्के, उरलेले लावणीच्या दिवशी. "झाडं जगतात का बघू, मग देतो" याला हो म्हणू नका, त्यासाठी बदलून द्यायची हमी आहे ना.

चहाबाज

आणि मनीप्लँटवाल्यांना हमीतून वगळा.

कमिटीतला

हिरवळवाले, आमची सोसायटी बावधनलाच आहे. निम्म्या लॉनचं काय करता येईल ते बघायला याल का? व्यनि (खाजगी निरोप) केला आहे.

हिरवळवाला

वाचला. रविवारी सकाळी येतो. येण्याची फी व्यनित कळवली आहे, काम दिलंत तर वजा करीन.

कट्टेकरी

अरे वा, शिष्य तयार झाला.

रानभेंडी

कमिटीतला, देताय ना?

कमिटीतला

माझी ना नाही. पण नियमाप्रमाणे फीचीसुद्धा तीन कोटेशनं मागवावी लागतील.